ई-कोर्ट्स ॲप: आधीची शिक्षा शोधायला बरं, सिद्ध करायला अपुरं

पत्नीला पुन्हा मारहाण करणाऱ्याची जुनी शिक्षा शोधायला न्यायालयीन खटल्यांची माहिती देणारं ई-कोर्ट्स ॲप उपयोगी आहे. ‘पक्षकाराचे नाव’ निवडून वर्ष टाका आणि ‘निकाली’वर टिचकी मारा, नाहीतर फक्त चालू खटले दिसतात. स्पेलिंगचा घोळ मात्र डोकेदुखी: ‘दीपक’ हे Deepak आणि Dipak अशा दोन्ही तऱ्हांनी शोधा. १६ अक्षरी सीएनआर, म्हणजे खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असला की काम सोपं.

स्क्रीनशॉटवर शिक्षा सिद्ध होत नाही. निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला हवा, शिवाय तोच हा आरोपी, याचा पुरावा. वकीलही इथेच घसरतात.

आणि पुन्हा गुन्हा केल्यास वाढीव शिक्षेचं भारतीय न्याय संहितेचं कलम १३ पत्नीवरील क्रौर्याच्या कलम ८५ ला लागूच नाही. तिथे कमाल तीन वर्षंच. जुनी शिक्षा त्या मर्यादेतच वजन टाकते.