दगडी लेपाखालचा थर्माकोल

टेबलावर लहान प्रतिकृती मांडून युद्धखेळ खेळणारे आम्ही सहा जण दादरला महिन्यातून एकदा जमतो. यंदा १६६१ सालची उंबरखिंडीची लढाई मांडायचे ठरले. मुघल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद खिंडीत अडकते आणि दोन्ही बाजूंच्या उंचीवरून मराठे तिच्यावर तुटून पडतात. अशा खेळात डोंगर ही शोभेची वस्तू नसते. कोणता सैनिक कुणाला दिसतो, कुठे चढू शकतो, कुठे आडोसा घेतो, हे सारे डोंगराच्या उंचसखलपणावर ठरते. म्हणून ६ बाय ४ फुटांच्या टेबलावर तीन थर रचून खिंड कोरायची, असा माझा बेत होता. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला असल्याने त्याच्या कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे असतात, आणि सपाट फळ्या एकावर एक रचून ते टप्पे फार छान साधतात.

या कामाला एक्सपीएस, म्हणजे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, लागते. गच्चीवर उष्णता अडवण्यासाठी ज्या घट्ट फळ्या घालतात, त्याच या. ब्लेडने ती साबणासारखी सफाईने कापली जाते, तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबला की खडकाचा खरखरीतपणा जसाच्या तसा उमटतो, आणि पेन्सिलीच्या टोकाने भेगा रुंद करता येतात. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, पण तो फुगवलेल्या मण्यांचा असतो. कोरायला गेले की मणी सुटतात.

उपनगरातील एका विक्रेत्याने मला वीतभर लांबीचा नमुना दिला. तो अस्सल एक्सपीएसचा होता. मी तो घरी कापून, दाबून, रंगवून पाहिला आणि माझी खात्री पटली. मग त्याने सुचवले, "साहेब, एवढ्याशा घरात भुसा कशाला करता? चारही बाजूंनी दगडी लेप देऊन, काळा हात मारूनच पाठवतो." मला ते आपुलकीचे वाटले. २ बाय ४ फूट, २ इंच जाडीच्या ९ फळ्या, प्रत्येकी १,६०० रुपये, असे १४,४०० रुपये ठरले. निम्मे आगाऊ दिले आणि उरलेले टेम्पो इमारतीखाली उभा असताना, प्लास्टिकचे वेष्टन न उघडताच चुकते केले. बाहेर पाऊस होता, टेम्पोवाला घाई करत होता. त्या दहा मिनिटांबद्दल मला अजून हळहळ वाटते.

रविवारी पुतण्याला मदतीला घेऊन पहिल्या फळीवर खिंडीची रेघ आखली आणि कटर चालवला. लेप संपताच पाते कर्र करून अडखळले आणि पांढरे मणी बाहेर पडले. ते पात्याला, मनगटाला, पुतण्याच्या शर्टाला चिकटले आणि पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर उडाले. तो म्हणाला, "काका, हा तर थर्माकोल आहे!" आम्ही नऊही फळ्यांचे कोपरे मोडून पाहिले. नऊही तशाच निघाल्या.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्यांतील एका तुकड्याच्या उघड्या बाजूवर मी स्प्रे रंगाची चाचणी घेतली होती आणि तेथे खड्डा पडला होता. त्याने नेमके तेच धरले: "तुम्ही स्प्रे मारलात, म्हणून माल खराब झाला." हे नीट समजून घ्यावे. बहुतेक स्प्रे रंगांतील द्रावकाने एक्सपीएससुद्धा विरघळते, म्हणूनच आधी फेविकॉल आणि पाण्यावर आधारित रंगाचा थर द्यावा लागतो. त्याचे विधान खरे होते, पण माझ्या तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता, कारण रंग न लागलेल्या आठ फळ्यांच्या मोडलेल्या कडांतही मणीच दिसत होते. स्प्रे रंगाने वितळवून पाहणे ही दोन्हींतला फरक ओळखण्याची परीक्षाच नव्हे. कड मोडून पाहणे ही परीक्षा आहे. वजनही बोलते: या मापाची ३२ किलो प्रति घनमीटर घनतेची एक्सपीएस फळी साधारण १.२ किलो भरते, तर हलका थर्माकोल अर्ध्या किलोच्याही आत राहतो. लेपाच्या जाड पुट्टीने मात्र हा फरकच झाकून टाकला होता, आणि लेपाचा आग्रह कशासाठी होता हे मला तेव्हा उमगले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन उचलणे बंद केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. कागदपत्रे जमवताना खरा घाव बसला: हातपावतीवर फक्त "बोर्ड – ९ नग" असे लिहिलेले. मालाचे नाव नाही, घनता नाही, जाडी नाही. ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तेव्हा तिकडे जाण्याची माझी तयारी आहे; पण एक्सपीएस ठरले होते, हे दाखवायला माझ्याकडे त्याचे दोन संदेश आणि तो वीतभर नमुना एवढेच आहे.

हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, लेप, रंग, कोरीवकाम काहीही न केलेल्या उघड्या फळ्याच घ्याव्यात, प्रत्येक फळीची कड पैसे देण्यापूर्वी नखाने उकरून पाहावी, आणि बिलावर "एक्सपीएस", घनता व जाडी लिहून घ्यावी. विक्रेता लिहून देण्यास का-कू करू लागला, तर तेथूनच परतावे. भुसा घरात होतो तो होऊ द्यावा. झाडूने तो निघतो.

आमची उंबरखिंड दिवाळीनंतरवर गेली आहे. नव्या तीन फळ्या आणल्या आहेत, उघड्या, आणि त्यांतील पहिलीवर कड्याचा खालचा टप्पा कोरून झाला आहे.