जुनी पैठणी सांगून सेमी गळ्यात मारली, १८,५०० रुपये गेले

आधी आकडे सांगते, कारण ज्याला त्याला पहिला प्रश्न तोच पडतो. २,००० रुपये ॲडव्हान्स, यूपीआयने. १५,००० रुपये साडी हातात घेताना, तेही यूपीआयने. १,५०० रुपये रोख, "वाड्यातल्या मामांना द्यावे लागतात" म्हणून. एकूण १८,५००. बदल्यात घरी आली ती सेमी पैठणी, म्हणजे मशीनवर विणलेली, नकली जरीची. दुकानात ती बाराशे-पंधराशेला नवी कोरी मिळते.

"साडीतलं कळत नाही तर घ्यायला जायचं कशाला," असं आमच्याच नात्यात एकीने ऐकवलं, म्हणून हेही सांगते. पुण्याच्या जुन्या बाजारात मी दहा वर्षं जातेय. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत जाते, रजा असली तर बुधवारीही. ताडपत्रीवर ओतलेल्या ढिगातून मी ३५० रुपयांना टोपपदराची इरकल काढली आहे, ६० रुपयांना खणाचा न शिवलेला पीस काढला आहे. बोहारणीकडे गेलेले कपडे पुढे कुठे जातात हे मला माहीत आहे. मुंबईला गेले की चोर बाजारात मटण स्ट्रीटला चक्कर असतेच. रफू कुठे लपवतात, बगलेतला विरलेला भाग कसा दुमडून ठेवतात, हे मी उजेडात धरून बघते. आणि तरीही फसले. कारण या माणसाने मला साडी विकलीच नाही, माझ्याच आजीची आठवण मला परत विकली.

आजीची जांभळी नऊवारी पैठणी होती, नारळी काठाची. १९९४ साली दारावर जुनी जर घेणारा आला. साडी घडीवर तुटायला लागली होती, घरात पैशांची ओढ होती, आईने ती १,१०० रुपयांना देऊन टाकली. अशा साड्या जाळून त्यातली चांदी काढतात, हे आईला ठाऊक होतं. तिने ते अजून मनाला लावून घेतलं आहे. भाचीच्या लग्नात आईच्या अंगावर तशी एखादी साडी असावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यात माझं काय चुकलं?

चुकलं ते हे की मी हे सगळं त्या माणसाला सांगितलं. बाजारात एका ढिगापाशी जुन्या काठांचे तुकडे बघत होते. तो शेजारी येऊन म्हणाला, "ताई, तुम्हाला जुन्यातलं कळतंय." पन्नाशीचा, साधा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पेठेतला एक वाडा पाडायला काढलाय, म्हाताऱ्यांची ट्रंक निघालीय, त्यात शालू-पैठण्या आहेत. मी उत्साहात आजीची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "रंग कुठला होता ताई?" मी म्हटलं जांभळा. "काठ?" मी म्हटलं नारळी. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, जांभळी नऊवारी, नारळी काठ.

इथे कळायला हवं होतं! आदल्या दिवशी मी तोंडाने वर्णन करते आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब तीच साडी वाड्याच्या ट्रंकेतून निघते? पण तेव्हा फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं होतं. विक्रेता तुम्हाला काय हवंय ते आधी विचारत असेल तर सांगू नका. त्याच्याकडे काय आहे ते त्याने दाखवावं.

फोटो खरे होते, हे लक्षात घ्या. पदराची मागची बाजूही होती. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. मी तो फोटो मोठा करून पाच वेळा बघितला आणि खात्री पटली. साडी खरीच होती, फक्त मला मिळालेली साडी ती नव्हती. फोटोवर ॲडव्हान्स देऊ नका. "मुंबईच्या बाई मागताहेत, दोन हजार टाका म्हणजे थांबवतो," हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. मी टाकले. नाव एका बाईचं दिसलं. "मिसेसचं खातं आहे," म्हणाला.

साडी बघायला वाड्यात नेणार होता. आयत्या वेळी म्हणाला, भाऊबंदकी चालू आहे, परकं माणूस आत नको, तुम्ही नाक्यावरच्या हॉटेलपाशी या. संध्याकाळी पावणेसातला रिक्षात बसून व्यवहार झाला. अंधार पडत होता. साडी मलमलीत गुंडाळलेली. मी उलगडायला गेले तर त्याने माझा हात धरला. "ताई, ऐंशी वर्षांची आहे. घडीवर तुटली तर तुमचंच नुकसान."

हे खोटं असतं तर मी ऐकलं नसतं. जुनी भरजरी साडी घडीवर तुटतेच, आजीची तशीच तुटली होती. त्याला ते माझ्याकडूनच कळलं होतं. मी हात आवरला. वजनाला घडी भारी लागली, नऊवारीसारखी. घरी उघडली तेव्हा आतून अडीच मीटर मांजरपाट निघालं. "जरीला जर घासू नये म्हणून आत कापड घातलंय," हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे तसं ठेवतातही, म्हणून मला खटकलं नाही.

आता जरीचं. खिशातून त्याने कसाचा काळा दगड आणि छोटी बाटली काढली. घडीच्या आत बोटं घातली, एक धागा ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. लाल रेशमावर गुंडाळलेली चपटी तार. नखाने सोलली तर आतून लाल दिसलं. मग दगडावर घासून थेंब टाकला, "बघा, चांदी." चांदी होतीच. पण तो धागा साडीतून तुटताना मी बघितला नाही. साडीतून जर ओढली की शेजारचं रेशीम चुरगळतं, कापडाला ओढ बसते. घडी तसूभरही हलली नव्हती. धागा त्याच्या बोटांतच होता. हे मला आता रोज रात्री दिसतं. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर झालं, आणि मी १५,००० चा आकडा टाइप करत होते.

जरीची परीक्षा करायची तर धागा तुम्ही स्वतः, तुम्हाला हव्या त्या जागेवरून काढा. विकणारा काढू देत नसेल तर उठा.

घरी आईने साडी हातात घेतली आणि काहीच बोलली नाही. मला वाटलं भरून आलंय. ती नंतर म्हणाली, तिला स्पर्शातच कळलं होतं, पण माझा चेहरा बघून बोलवेना. दुसऱ्या दिवशी मी ती साड्यांना चरक, म्हणजे रोल पॉलिश, करणाऱ्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी पदर उलटा केला. मागे सगळे कापलेले धागे, खारीच्या शेपटीसारखे. "पोरी, ही मशीनवरची आहे." मग टेबलावर मोजली. साडेपाच मीटर, आणि शेवटी जोडलेला ब्लाउजपीस. ऐंशी वर्षांपूर्वीच्या नऊवारीला ब्लाउजपीस! जरीचा धागा काडीवर धरला तर वितळून काळी गोळी झाली. निळसर जांभळ्या रंगावर मधूनमधून तपकिरी डाग होते, ते जुनेपणाचे समजून मी कौतुकाने बघितले होते. काकांनी वास घेतला. चहाचे होते.

पटकन मीटरने मोजलं असतं तरी वाचले असते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पर्समध्ये टेप ठेवायला काय होतं?

फोन केला तर पहिल्या दिवशी "ताई, तुम्ही घडी मोडलीत, आता परत नाही." दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

यापुढचं जास्त संतापजनक आहे. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. बाई नीट बोलल्या, तक्रार घेतली, पण म्हणाल्या, वस्तू तुम्हाला मिळाली आहे, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, स्थानिक पोलिसांकडे जा. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" पिन मी टाकला म्हणजे फसवणूक झाली नाही, असं होतं का? समोरच्या खात्याचा नंबर बँकेला दिसतो. खातं गोठवायला कुणी सांगितलं तर गोठवतातही. पण सांगायचं कुणी, हे कुणीच सांगत नाही.

जुन्या बाजाराच्या हद्दीतल्या चौकीत गेले. "व्यवहार इथे झाला का? नाही ना. मग जिथे रिक्षात बसलात तिथे जा." तिथल्या चौकीत, "माणूस भेटला कुठे? बाजारात. मग तिकडे जा." मी झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) म्हटलं, तर हवालदारांनी विचारलं, "मॅडम, वकील आहात का?" भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८ चं नाव काढलं तर म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, मालाच्या क्वालिटीचा वाद आहे. नकली माल खरा सांगून, खोटा धागा दाखवून विकणं हा क्वालिटीचा वाद? बिल आहे का, हा प्रश्न चार ठिकाणी चार वेळा ऐकला. ताडपत्रीवरच्या मालाचं बिल यांच्यापैकी कुणाला कधी मिळालंय? आणि एका साहेबांनी तर माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "या एकट्या कशाला गेल्या होत्या?" फसवणारा बाजूलाच राहिला, मी एकटी का गेले याचं उत्तर माझ्या नवऱ्याने द्यायचं!

तिसऱ्या खेपेला तक्रार अर्ज घेतला. पोच मागितली तर "उद्या या." मी खुर्चीतून उठले नाही. पाऊण तासाने शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय चौकीतून बाहेर पडू नका, अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तर विक्रेत्याचं नाव-पत्ता मागितला. माझ्याकडे एक बंद नंबर आणि एका बाईचं नाव आहे. व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक मी जपून ठेवलाय. तुम्हीही रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. मी जवळजवळ केलं होतं.

अर्जाला तीन आठवडे झाले. फोन आलेला नाही.

परवा ऑफिसमध्ये डबा खाताना शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बघ, वाड्यातली पैठणी मिळतेय, २२,००० सांगतोय, दोन हजार टाकायचेत. फोटोत जांभळी नऊवारी, नारळी काठ, खाली लाल-काळ्या पट्ट्यांची सतरंजी आणि डाव्या कोपऱ्यात पितळी तांब्याचा अर्धा काठ. तोच फोटो. नंबर वेगळा होता. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि माझ्या साडीच्या पदराची मागची बाजू त्याला पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या आणि डीपी गेला. त्या सतरंजीचा फोटो तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका आणि नंबर मला कळवा, मी तो अर्जाला जोडणार आहे.