वजनाचं इंजेक्शन म्हणून वहिनींना भलतंच टोचलं गेलं

नाशिकला आमच्या वहिनींनी इन्स्टाग्रामवरच्या एका ‘स्लिमिंग कन्सल्टंट’ बाईंकडून सेमाग्लुटाइड या वजन कमी करण्याच्या औषधाचं इंजेक्शन-पेन मागवलं. घरात कुणालाच न सांगता. डॉक्टरांनी आधी तपासण्या करून या म्हटलं होतं, तर या बाई म्हणे, “ताई, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही, थेट बाहेरचा माल आहे.” नऊ हजार जीपेवर गेले. बिल ‘नंतर पाठवते’.

पेन आलं साध्या बबल रॅपमध्ये. खरं तर न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. वजनासाठी डोसही आठवड्याला ०.२५ मिलीग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, नाहीतर मळमळ-उलट्यांनी माणूस बेजार होतो. बाईंचा सल्ला काय, तर “लवकर फरक हवा ना? मग पेनवरचं डोसचं चाक पूर्ण फिरवा.”

टोचल्यावर थोड्याच वेळात वहिनींना दरदरून घाम, हातपाय थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. दादाने आईच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, खूपच कमी, ४१! साखरपाणी पाजत दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांना हा आकडाच खटकला. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करतं. त्याने भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं, पण साखर उतरवणारं इन्सुलिन वाढतं ते रक्तात साखर चढलेली असली तरच. मधुमेह नसलेल्या, दुसरं कुठलं औषध न घेणाऱ्या बाईची साखर त्याने इतकी घसरू नये. पेनवरचं लेबल नखाने उचकटलं, तर खाली इन्सुलिनचं लेबल. ऑस्ट्रियात २०२३ मध्ये बनावट पेनांमुळे असेच रुग्ण दाखल झाले होते. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता.

वहिनींनाच बोल लावणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. “जरा तोंडावर ताबा ठेवायचा!” अशा टोमण्यांमुळेच माणूस लपूनछपून औषध मागवतो आणि या बायांचं दुकान चालतं. लठ्ठपणा हा आजार आहे. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की तो धरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मेडिकलमधून बिल घेऊन औषध आणण्यात लाज कसली?

असं काही घडलं तर पेन, खोकं, कुरिअरचं पाकीट, चॅट यातलं काहीही फेकू नका. आमचं खोकं घंटागाडीत गेलं होतं, पेन तेवढं वाचलं, तेच अन्न व औषध प्रशासनाकडे दिलंय. पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, आम्हाला तो सुचेपर्यंत बाईंचं खातं रिकामं झालं होतं.