भुसावळच्या फलाटावर घेतलेला कार्बनचा ट्रायपॉड

मागच्या डिसेंबरात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, चांगदेवच्या बाजूला, लांबचे पक्षी टिपायची माझी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यासकट दगडावर पडली. हातातून नाही, ट्रायपॉडवरून पडली. आणि तो ट्रायपॉड मला खोटं बोलून विकलेला होता. त्याच पद्धतीने आणखी दोघांना गाठल्याचं गेल्या आठवड्यात कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझी रावेर तालुक्यात केळी आहे. घड कापले गेले की हातात पैसा येतो, आणि तो कुठे कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. लेन्स मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतली. ती एकटीच दोन किलोची, वर कॅमेरा. तासभर हातात धरून पट्टकदंब हंसांची वाट पाहिली की खांदे भरून येतात. म्हणून कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणि त्यावर गिम्बल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून धरणारं आणि अलगद फिरवू देणारं डोकं, घ्यायचं मनात होतं. नवीन घ्यायला गेलो तर दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या वर जात होतं.

पक्षीमित्रांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. नामांकित परदेशी कंपनीचा सेट, जेमतेम वापरलेला, बावीस हजार. सोबत वनपिंगळ्याचा, म्हणजे जंगलातल्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा फोटो, ‘याच ट्रायपॉडवरून तोरणमाळला काढला’ असं लिहिलेलं. मी फसलो तो या फोटोला. १८८४ नंतर ज्या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो १९९७ साली अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. खानदेशात पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. मी यावलच्या जंगलात किती चकरा मारल्या, मला तो अजून दिसलेला नाही. ज्याला दिसला, तो माणूस आपल्यातलाच, असं मी धरून चाललो. फोनवर तो अर्धा तास पिंगळ्याबद्दलच बोलला. दिवसाउजेडी शिकार करतो, शेपटी कशी झटकतो, सगळं बरोबर सांगितलं. ट्रायपॉडबद्दल मी काही विचारलं की म्हणायचा, ‘दादा, हातात घ्याल तेव्हा कळेलच.’

दोन दिवसांनी फोन आला. बदली झाली, सामान आवरतोय, उद्या रात्री गाडीने निघालो आहे, भुसावळला गाडी थांबेल तेवढ्यात घेऊन जा, नाहीतर पुढे दुसऱ्या गावचा माणूस तयार आहे. मी गेलो. डब्याच्या दारात उभा राहून त्याने पिशवी खाली दिली. चेन उघडून पाहिलं, काळ्या नळ्यांवर कार्बनची विण दिसत होती, हेडवर कंपनीचं नाव होतं. माझी लेन्स घरी. फलाटावर गर्दी, दिवा मिणमिणता, आणि तो वरून सांगतोय, ‘दादा, सिग्नल झाला.’ मी यूपीआयने बावीस हजार पाठवले. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं तेव्हा क्षणभर थांबलो होतो. ‘बायकोचं खातं आहे’ म्हणाला.

घाई हीच त्याची खरी युक्ती होती, हे आता कळतं. गाडी, बदली, दुसरं गिऱ्हाईक, सगळं मला तपासायला वेळ मिळू नये म्हणून.

हतनूरला त्या पहाटे चांगलीच थंडी होती. ट्रायपॉडचा पाय धरला तर तळहात गारठला. तिथेच समजायला हवं होतं: कार्बनची नळी थंडीत अशी झोंबत नाही, अ‍ॅल्युमिनियमची झोंबते. पण समोर मोठ्या लालसरी बदकांचा थवा पाण्यावर उतरत होता, लक्ष तिकडे होतं. सूर्य वर आल्यावर पट्टकदंब उठले. मी लेन्स त्यांच्याबरोबर फिरवली, हेड मध्येच खरखरलं, मी जरा जोर लावला, आणि लेन्सच्या पायाला लावलेली प्लेट हेडच्या पकडीतून, म्हणजे क्लॅम्पमधून, मागे सरकत सरळ बाहेर आली. आवाज अजून कानात आहे. पुढची काच वाचली, पण फोकसची रिंग अडकली आणि कॅमेऱ्याला जोडायचा माउंट वाकला. दुरुस्तीचा अंदाज एकोणीस हजार आला. तेवढे पैसे आज माझ्याकडे नाहीत. लेन्स कपाटात आहे.

माझा मावसभाऊ जळगावला एमआयडीसीत लेथ चालवतो. त्याच्याकडे सगळं नेलं. त्याने पायावर ब्लेड फिरवलं तशी काळ्या विणीची छापील फिल्म सालीसारखी सुटून आली, खाली पांढरंशुभ्र अ‍ॅल्युमिनियम. गिम्बलचा नॉब काढला तर बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचा वायसर आणि भरपूर ग्रीस. मग प्लेटला व्हर्नियर लावला. अर्का नावाच्या प्रचलित पद्धतीच्या या प्लेटा साधारण ३८ मिलिमीटर रुंद असतात, ही ३७ ला थोडी वर भरली. क्लॅम्प शेवटपर्यंत आवळला तरी प्लेट पुरती पकडली जात नव्हती. प्लेट निसटू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना खालून छोटे स्क्रू असतात, तेही नव्हते, नुसती भोकं होती. सगळं बघून तो एवढंच म्हणाला, ‘दादा, कायले इतली घाई केली?’

वापरलेला सेट घेणाऱ्याने स्वतःची लेन्स आणि कॅमेरा सोबत न्यावा, हे मी हात जोडून सांगतो. गिम्बलवर लेन्स चढवा, प्लेट पुढेमागे सरकवून तोल साधा, मग नॉब पूर्ण सैल करून लेन्सचं तोंड वर करा आणि हात काढा. चांगलं गिम्बल तिला तिथेच ठेवतं, खाली करा तर खाली थांबतं. वजन फिरण्याच्या अक्षावर आलेलं असतं, ते धरून ठेवायला नॉब आवळावा लागत नाही. आडवा पूर्ण वेढा फिरवा, कुठे खर लागली किंवा हलकासा खुळखुळ जाणवला तर परत द्या. प्लेटचे ते दोन स्क्रू बोटाने चाचपून बघा. ट्रायपॉड किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि कंपनीने त्या मॉडेलचं दिलेलं वजन मोबाइलवर उघडा. माझा तब्बल किलोभर जास्त भरला. ‘१८ किलो भार पेलतो’ असल्या स्टिकरवर जाऊ नका, हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने सांगते, आणि नकली मालावर तर काहीही छापता येतं. मूळ बिल मागा. बिल हरवलं म्हणणाऱ्याचा सेट मी आता फुकटही घेणार नाही.

पोलिसांत अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक येते. माझी अडचण पुराव्याची झाली, कारण त्याने चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू ठेवले होते. लेन्स पडल्यानंतर चॅट बघायला गेलो तर बोलणं सगळं गायब, फक्त पैसे गेल्याची नोंद उरली. जाहिरातीचा, नंबरचा आणि बोलण्याचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा. पैसे घेणाऱ्याचं नाव समोरच्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मला कळायलाच बारा दिवस लागले होते.

सध्या मित्राची जुनी लेन्स मागून नेतो आणि जुन्या जीन्सच्या पायात अडीच किलो ज्वारी शिवून केलेली उशी गाडीच्या दारावर ठेवतो. लेन्स त्यावर इतकी घट्ट बसते की मला आधीच हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. ज्वारी दमट होऊ देऊ नका, महिन्यातून एकदा उन्हात घाला.

आणि तो वनपिंगळ्याचा फोटो. इंटरनेटवर शोधला तर तो दुसऱ्याच कुणाच्या पानावर तीन वर्षांपासून आहे. फांदीवर बसलेला पक्षी, मान डावीकडे, मागे सागाचं अर्धं फाटलेलं पान. धुळ्याच्या एका मुलालाही हाच फोटो पाठवून अठरा हजार घेतले आहेत. ट्रायपॉड विकायला निघालेल्या कुणी तुम्हाला हा फोटो पाठवला, तर ते फाटलेलं पान आधी बघा.