लाइट गेली की फायरफॉक्स पडतो: २४ मशीनच्या लॅबमधला नऊ महिन्यांचा अनुभव

लाइट जाते, यूपीएस टुकटुक करतो, मशीन चालूच राहतात. आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात २४ पैकी १५-२० स्क्रीनवर फायरफॉक्सच्या क्रॅश रिपोर्टरची खिडकी. शेजारी क्रोम मात्र ‘इंटरनेट नाही’ म्हणत डायनासोर दाखवत शांत बसलेला. हे आठवड्यातून दोन-तीनदा. बघणारा प्रत्येक जण एकच निष्कर्ष काढतो: फायरफॉक्स भंगार आहे, काढून टाका. पहिल्या तीन महिन्यांत हा अनुभव लिहिला असता तर दोन स्टार देऊन विषय संपला असता. आता ते मत मागे घ्यावं लागतंय. अर्धंच.

मांडणी अशी: डोमेनवरची (म्हणजे लॉगिन आणि नियम एकाच सर्व्हरवरून चालणारी) विंडोज १० मशीन, जुने आय-थ्री, ४ जीबी रॅम, एक फाइल सर्व्हर, एक २४ पोर्टचा स्विच (मशीन केबलने एकमेकांना जोडणारा डबा). फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे संस्थांसाठीची दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती, आधी १२८ आणि मग १४०. फीचर्सबद्दल काही लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहेत.

क्रॅश म्हटलं की सगळे जे करतात ते आधी केलं. शिफ्ट दाबून धरून ट्रबलशूट मोडमध्ये चालवलं, म्हणजे एक्स्टेन्शन्स बंद. फरक शून्य. सेटिंग्जमधून हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन काढलं. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर व्हिडिओ बघताना स्क्रीन काळी पडायची ती थांबली, क्रॅश तेवढेच. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ टाकलं, की फायरफॉक्समध्ये बाहेरून घुसलेल्या डीएलएल फाइल्सची (दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडच्या फाइल्स) यादी दिसते, आणि आवृत्ती ११० पासून त्यातली नको ती तिथूनच ब्लॉक करता येते. यादीत अँटिव्हायरसच्या तीन निघाल्या, त्या ब्लॉक केल्या. काही मशीनवर सकाळी ब्राउझर उघडताच पडायचा, ते बंद झालं. त्या आठवड्यात सुटलो असं वाटलं होतं. पुढच्या सोमवारी लाइट गेली.

‘रिफ्रेश फायरफॉक्स’ मात्र लॅबमध्ये करू नका. तो जुना सगळा डेटा ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपवर ठेवतो. डेस्कटॉप सर्व्हरवर वळवलेला, म्हणजे मशीनऐवजी तिथे साठवला जाणारा, असेल तर तेवढं ओझं आणखी सर्व्हरच्या माथी, वर विद्यार्थ्याचा सर्व्हरवरच्या जागेचा कोटा भरतो तो वेगळाच.

आता मूळ मुद्दा, आणि यावर जरा जास्तच लिहिणार आहे.

फायरफॉक्स आपलं प्रोफाइल, म्हणजे हिस्टरी, बुकमार्क, कुकीज, पासवर्ड, ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ फोल्डरमध्ये ठेवतो. फक्त कॅशे ‘लोकल’मध्ये. क्रोम सगळंच ‘लोकल’मध्ये ठेवतो. घरच्या मशीनवर दोन्ही फोल्डर एकाच सी ड्राइव्हवर, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. पण कॉलेज-ऑफिसात बऱ्याचदा ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू होणाऱ्या सेटिंग्जनी) ‘अ‍ॅपडेटा (रोमिंग)’ सर्व्हरच्या शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरवर, वळवलेलं असतं, कारण कोणी कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचं सगळं तिथे मिळावं. म्हणजे ब्राउझर चालतो इथे, आणि त्याच्या डेटाबेस फाइल्स केबलच्या दुसऱ्या टोकाला. ‘क्रोम चालतो आणि फायरफॉक्स पडतो’ या भांडणाचा निकाल इथेच लागतो. फरक त्यांच्या दर्जाचा नव्हताच. एकाचं बिऱ्हाड घरात होतं, दुसऱ्याचं सर्व्हरवर.

त्या फाइल्स एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या. सर्वांत मोठी ‘प्लेसेस.एसक्यूलाइट’, तिच्या शेजारी ‘डब्ल्यूएएल’ आणि ‘एसएचएम’ शेपटीच्या दोन फाइल्स दिसल्या तर चकित होऊ नका. डब्ल्यूएएल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची) नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालत नाही, असं एसक्यूलाइटचेच लोक त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहितात. कारण ती सामायिक मेमरीवर चालते आणि ती एकाच मशीनपुरती असते. त्यात भर म्हणजे मेमरीत मॅप केलेली फाइल, जिचे तुकडे (पानं) प्रोग्रॅम मेमरी समजून थेट वाचतो. साधी फाइल वाचताना नेटवर्क तुटलं तर प्रोग्रॅमला एरर मिळते आणि तो ती सांभाळून घेऊ शकतो. मॅप केलेल्या फाइलचं पान मागितलं आणि ते आलंच नाही, तर विंडोज प्रोग्रॅमला थेट ‘इन-पेज एरर’ देते. तिथे सांभाळायला जागाच नसते, प्रोसेस मरते. लिनक्सवर युजरचं होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) असेल तर हेच ‘सिगबस’ नावाने येतं.

हे ताडून कसं बघायचं? ‘अबाउट:क्रॅशेस’ उघडा. पाठवलेल्या रिपोर्टचा क्रमांक ‘बीपी’ने सुरू होतो, त्यावर क्लिक केलं की पूर्ण अहवाल. त्यात ‘क्रॅश रीझन’ची ओळ बघा. ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’ असेल तर वेगळी भानगड, ‘इन-पेज एरर’ असेल तर डिस्क किंवा नेटवर्क. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट, कनेक्टिव्हिटी इथपर्यंत जा. ३०८०७ क्रमांकाची नोंद म्हणजे शेअरशी जोडणी तुटली, ३०८०८ म्हणजे पुन्हा जुळली. ही वेळ आणि क्रॅशची वेळ काही सेकंदांच्या अंतरात सापडली की नव्वद टक्के काम झालं. साध्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये १००० क्रमांक शोधत बसू नका. फायरफॉक्सने क्रॅश स्वतः पकडला तर तो तिथे उमटेलच असं नाही.

आणि आता ज्याचा सर्वांत जास्त राग आला ती गोष्ट. क्रॅश रिपोर्टसुद्धा ‘रोमिंग’मध्येच लिहिला जातो! मोझिला, फायरफॉक्स, क्रॅश रिपोर्ट्स, त्यात ‘पेंडिंग’. म्हणजे ज्या शेअरची दोरी तुटल्यामुळे ब्राउझर मेला, त्याच शेअरवर त्याने मरता मरता मृत्युपत्र लिहायचं. निम्म्या वेळा ते लिहिलंच जात नाही. खिडकी येते, ‘रिपोर्ट पाठवा’ दाबलं जातं, आणि नंतर ‘अबाउट:क्रॅशेस’मध्ये काहीच नाही. तीन महिने वाया गेले ते यामुळे. पुरावा होता तो फक्त नेटवर्क शाबूत असतानाच्या क्रॅशचा, म्हणजे नेमका दुसऱ्याच आजारांचा, आणि त्यावरून आपण अँटिव्हायरसला फाशी देत होतो. इतकी वर्षं कॉर्पोरेट वापरासाठी वेगळी आवृत्ती काढणाऱ्यांना एवढी फाइल ‘लोकल’मध्ये टाकावीशी वाटू नये? एक स्टार इथे कापला, आणि तो परत मिळणार नाही.

बरं, जोडणी तुटत का होती? मशीन सगळी यूपीएसवर. सर्व्हर यूपीएसवर. स्विच? स्विच भिंतीवरच्या पेटीत, त्याचा प्लग पेटीमागच्या साध्या सॉकेटमध्ये. लाइट गेली की स्विच बंद. जनरेटर आला की स्विच चालू, पण स्पॅनिंग ट्रीमुळे (केबलचं वर्तुळ होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) प्रत्येक पोर्ट १५ सेकंद ऐकणार, १५ सेकंद शिकणार, मग डेटा सोडणार. सगळं मिळून मिनिटभर सर्व्हर दिसत नाही. एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराने) सुचवलेला उपाय होता प्रत्येक मशीनला नवी ८ जीबी रॅम. खरा उपाय निघाला दहा फुटांची एक्स्टेन्शन वायर, स्विच यूपीएसवर घ्यायला. स्विच मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) असेल तर मशीनच्या पोर्टवर ‘एज पोर्ट’ किंवा ‘पोर्टफास्ट’ लावा, ते ३० सेकंदही वाचतात. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या’ची टिक काढा, आणि अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ असेल तर तेही बंद करून बघा. दुपारी मशीन रिकामी असताना एकेकटे क्रॅश होत होते, ते यानेच गेले.

चौथ्या महिन्यात इथेच थांबून ‘सुटलं’ असं लिहून ठेवलं होतं. ते खोडतोय. वायरीने क्रॅश कमी झाले, पण मुळात ब्राउझरचं प्रोफाइल शेअरवर ठेवणं हेच चूक आहे, त्याला स्विचची कितीही बडदास्त ठेवा. दुसरे त्रास चालूच राहिले. एकाच लॉगिनने दोन मशीनवर बसलं, की दुसरीवर ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’. क्रॅशनंतर मशीन बदललं तरी तेच, कारण सर्व्हरने ‘पॅरेंट.लॉक’ फाइल अजून उघडी धरलेली असते. ती फाइल डिलीट करायला धावू नका. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स इथे जाऊन त्या युजरची तेवढी नोंद बंद करा. सगळ्या लॅबला मिळून एकच ‘लॅब’ नावाचं लॉगिन ठेवलं असेल तर हा संदेश रोज दिसणार, त्याला इलाज नाही.

आणि कोटा. नव्या कोऱ्या प्रोफाइलच्याही डेटाबेस फाइल्स १० एमबीच्या घरात जातात, ते एक वेळ ठीक. पण वेबसाइट्स आपला साठा प्रोफाइलमधल्या ‘स्टोरेज’, ‘डीफॉल्ट’मध्ये करतात, आणि तो कॅशे नसल्यामुळे ‘लोकल’मध्ये जात नाही. ब्राउझरमधून चॅट वापरणाऱ्या पोरांचा २०० एमबीचा कोटा तिथेच उडतो. कोटा संपला की डेटाबेसमध्ये लिहिता येत नाही, बुकमार्क गायब, आणि कधी फोल्डरमध्ये ‘प्लेसेस.एसक्यूलाइट.करप्ट’ सापडते. ‘अबाउट:सपोर्ट’मध्ये ‘प्लेसेस डेटाबेस’च्या खाली ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’चं बटण आहे, त्याने निदान खरं काय ते कळतं.

म्हणून शेवटी प्रोफाइल घरी आणलं. स्वच्छ मार्ग एकच: फोल्डर रिडायरेक्शनमधून ‘अ‍ॅपडेटा (रोमिंग)’ काढा, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप राहू द्या. इथे एक खड्डा आहे. पॉलिसी नुसती काढली तर फोल्डर आहे तिथेच, सर्व्हरवर, राहतो, कारण मुळात सेटिंग तसंच असतं. आधी त्याच पॉलिसीच्या सेटिंग्ज टॅबवर ‘पॉलिसी काढल्यावर फोल्डर स्थानिक जागी परत आणा’ हा पर्याय निवडा, सगळ्यांना एकदा लॉगिन होऊ द्या, मग पॉलिसी काढा. आणि हे सकाळी आठच्या बॅचला करू नका. सगळे एकदम आपापलं सामान ओढायला लागले की पहिलं लॉगिन पंधरा मिनिटं चालतं.

दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला रोमिंग सर्व्हरवर हवंच असेल, तर लॉगिन स्क्रिप्टने ‘प्रोफाइल्स.आयएनआय’ लिहा: ‘इझरिलेटिव्ह’ शून्य, ‘पाथ’मध्ये सी ड्राइव्हवरचा पूर्ण पत्ता. तो स्क्रिप्टनेच युजरच्या नावासकट लिहावा लागतो, कारण युजरच्या नावाचा व्हेरिएबल फायरफॉक्स या फाइलमध्ये उलगडत नाही. त्याच फाइलमधल्या ‘इन्स्टॉल’ने सुरू होणाऱ्या विभागातही तोच पत्ता द्या. आवृत्ती ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल असतं, त्यामुळे हे विसरलात तर फायरफॉक्स नवंच प्रोफाइल काढून बसतो. शॉर्टकटमध्ये नुसतं ‘-प्रोफाइल’ लिहिण्याचा सोपा मार्ग दिसतो, पण मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की फायरफॉक्स तो शॉर्टकट वगळून सुरू होतो आणि जुन्याच जागी जातो.

यात पोरांचे बुकमार्क मशीनबरोबर फिरायचे थांबतात, ही तक्रार आली. ज्याला हवं त्याने फायरफॉक्सचं सिंक वापरावं. परीक्षा, ग्रंथालय, शिष्यवृत्तीच्या लिंका पॉलिसीतल्या ‘मॅनेज्ड बुकमार्क्स’ने सगळ्यांना दिल्या. बहुतेकांना तेवढंच लागतं.

हे झाल्यावर रिपोर्ट टिकायला लागले आणि उरलेले क्रॅश पहिल्यांदा नीट दिसले. सहा-सात मशीनवर सारखं ‘ओओएम, स्मॉल’. म्हणजे मेमरी संपली. पण अहवालात मोकळी रॅम दिसते ८०० एमबी! त्याखालची ‘अव्हेलेबल पेज फाइल’ची ओळ बघा, ती शून्याजवळ असते. विंडोजमध्ये प्रोग्रॅमला मेमरी द्यायची की नाही हे रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) या एकूण मर्यादेवर ठरतं, मोकळ्या रॅमवर नाही. कोणीतरी ‘मशीन फास्ट होतं’ म्हणून पेजफाइल बंद केलेली. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, ‘कमिटेड’चे दोन आकडे एकमेकांना टेकत आले की पुढचा क्रॅश ठरलेला. व्हर्च्युअल मेमरीत ‘सिस्टिम मॅनेज्ड’ परत लावा. डिस्कवर जागा कमी असेल तर किमान ४०९६, कमाल ८१९२ एमबी द्या. मोझिलाने १०५ व्या आवृत्तीत मेमरी मिळाली नाही तर लगेच न मरता जरा थांबून पुन्हा मागण्याची सोय केली, त्याचा खरंच फायदा होतो. पण पेजफाइलच नसेल तर थांबून मिळणार काय? नवी रॅम घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

एक सावधगिरी. सगळी मशीन एकाच वेळी अडकली म्हणजे दोष आपल्याच नेटवर्कचा, असं दर वेळी नसतं. १३ जानेवारी २०२२ ला जगभरचे फायरफॉक्स एचटीटीपी-३ (वेबसाइटशी बोलायची नवी पद्धत) मधल्या एका बगमुळे अनंत चक्रात अडकले होते, आणि किती जणांनी त्या दिवशी आपले राउटर रीस्टार्ट केले असतील कोण जाणे. स्विच उघडण्याआधी मोबाइल डेटावर एक लॅपटॉप लावून बघावा.

सध्याचा हिशेब: महिन्याला २४ मशीनमध्ये मिळून तीन-चार क्रॅश. चार स्टार. उरलेले बहुतेक क्रॅश १७ नंबरच्या मशीनचे, आणि दर वेळी सिग्नेचर (क्रॅश कोडमध्ये कुठे झाला त्याचं नाव) वेगळी. कधी ग्राफिक्स, कधी जावास्क्रिप्ट, कधी फॉन्ट. एकाच मशीनवर रोज नवं कारण दिसलं तर ब्राउझरला हात लावू नका, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावून ठेवा. १७ नंबरची रॅमची स्टिक काढून तिचे सोनेरी दात शाईच्या नव्हे, साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसले आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. अकरा दिवस झाले, अजून पडलेलं नाही.