गालिच्यातला मुताचा वास: वाफ की एन्झाइम?
मांजराने गालिच्यावर केलं की पहिला हात वाफेच्या मशीनकडे जातो. काम झटपट, गालिचाही लख्ख; पण उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसू शकतो आणि हवा दमट झाली की वास पुन्हा हजर! कारण मुतातलं युरिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही. एन्झाइमचं द्रावण नेमकं तेच फोडतं. त्याला घाई मात्र चालत नाही: मूत मुरलंय तिथवर, म्हणजे पार अस्तरापर्यंत, द्रावणही मुरायला हवं. आधी कोपऱ्यात रंग उतरतो का, ओला पांढरा कपडा दाबून बघा. माझं मत एन्झाइमलाच. वाफ नंतर, बाकीच्या मळासाठी. ब्लीच दोन्हींत नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो.