१६ गेज म्हणून दिलेली जाळी

घरच्या घरी पिंजरा करणाऱ्यांनी जाळी विकत घेण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितेय. पिंजरा सशांचा असो की कोंबड्यांचा, जाळी त्याच दुकानांतून येते.

भाच्याला नोकरीसाठी परदेशी जावं लागलं, तेव्हा त्याच्या दोन डेगू पुण्याहून आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात आल्या. डेगू हा चिली देशातला, खारीपेक्षा थोडा मोठा प्राणी. दिवसा जागा असतो आणि सारखा चिवचिवतो. दात जन्मभर वाढतात, म्हणून लाकूड, प्लास्टिक, मिळेल ते कुरतडतो. गोड त्याला सोसत नाही, मधुमेह होतो. संत्र्याची फोडसुद्धा द्यायची नाही, असं भाच्यानं बजावलं होतं.

सासऱ्यांचं जुनं सागवानी कपाट होतं, त्याचाच पिंजरा करायचं ठरलं. सुतारभाऊंनी दारांच्या फळ्या काढून नुसत्या चौकटी ठेवल्या, आत दोन मजले केले. जाळीवर चालून पायांना जखमा होतात, म्हणून तळ सपाट लाकडाचाच ठेवला. मे महिन्याच्या उन्हाचा विचार करून प्रत्येक मजल्यावर दोन-दोन कवेलू (छपराची मातीची कौलं) ठेवले, त्यांना त्यावर गारव्याला बसता येतं. राहिली फक्त जाळी.

तालुक्याच्या दुकानात मी नीट सांगून मागितली: अर्ध्या इंचाचे चौकोन, १६ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा वाढला की तार बारीक), जस्ताचा मुलामा असलेली. काउंटरवरचा वीतभर नमुना हातात घेतला, तार चांगली जाड होती. "बिनधास्त न्या मॅडम, उंदराच्या बापाकडूनबी कातरल्या जात नाही," दुकानदार म्हणाला. भाव ५५ रुपये चौरस फूट. २४ फुटांचे १,३२० रुपये झाले. पोऱ्यानं मागच्या गोदामातून जाळी कापून, गुंडाळी करून, सुतळीनं बांधून थेट ऑटोत ठेवली. बिल मागितलं तर चिठ्ठीवर "जाळी १ नग" एवढंच लिहून दिलं. पैसे मोबाइलवरून गेले, तेही दुकानाच्या नाही, दुसऱ्याच कोणाच्या नावावर. घाई होती, शेवटची एसटी गाठायची होती. मी काही बोलले नाही.

घरी जाळी ठोकताना सुतारभाऊ थांबले. बोटं पुढे करून म्हणाले, "वहिनी, हे पाहा." बोटांना चंदेरी भुकटी लागली होती. जस्त असं हाताला लागत नाही. साध्या काळ्या तारेवर चंदेरी रंग मारला होता. तरीही कापून आणलेली जाळी आता कोण परत घेणार, असं वाटून मी ती ठोकायला लावली. ती चूक माझी.

तीन आठवड्यांत, जिथं लघवी पडायची त्या कोपऱ्यातला रंग सुटून खाली तांबूस गंज दिसू लागला. मग एका सकाळी त्याच कोपऱ्यात तारा जिथं एकमेकींना जोडलेल्या असतात ते टाके सुटलेले दिसले. चार-पाच तारा बाहेर वाकल्या होत्या आणि धाकटी डेगू स्वयंपाकघरात होती. दाराशी मांजर बसलेलं पाहून माझ्या मुलीनं घाबरून तिला शेपटीनं धरलं. डेगूची शेपूट ओढली की वरची कातडी सुटून येते, जीव वाचवायची तिची तीच रीत आहे. कातडी पोरीच्या मुठीत राहिली आणि डेगू उघड्या लाल शेपटीनं चुलीमागे शिरली. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. तो भाग वाळून गळून पडला, पुन्हा येणार नाही.

सुटलेली तार मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे व्हर्नियरवर मोजून घेतली. १६ गेजची तार साधारण १.६ मिलिमीटर असते. ही ०.९ भरली, म्हणजे २० गेज. जाडीतला फरक ऐकायला थोडा वाटतो, पण तेवढ्याच जाळीचं वजन तिपटीनं कमी भरतं. दुकानातच काट्यावर नमुन्याशी ताडून पाहिली असती तर तिथंच उघडं पडलं असतं. म्हणूनच नमुना काउंटरवर असतो आणि माल गोदामातून येतो.

दुकानदारानं हात वर केले: "कापलेला माल वापस होत नाही. अन् १६ गेज लिहिलंय कुठं?" खरंच कुठं लिहिलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हेही कळलं. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो, आणि माझ्याकडे ती चिठ्ठी आहे.

दुसरी जाळी यवतमाळहून आणली. गुंडाळी उलगडून तार मोजली, कापलेल्या टोकाला नखानं खरवडून पाहिलं, बिलावर गेज, मुलामा आणि चौरस फूट लिहून घेतले, मगच पैसे दिले. दुकानदारानं मुळीच कुरकुर केली नाही. धाकटी आता वरच्या मजल्यावरच असते. मुलगी तिला हातात घेत नाही, तळहात पुढे करून वाट पाहते. परवा ती पहिल्यांदा त्यावर चढली.